मूत्रपिंडे बंद पडतात तेव्हा

पोट आणि इतर अवयव यांच्या भांडणाची इसापनीतीतील गोष्ट मराठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्या ऐकत आल्या आहेत. हातपाय पोटावर रुसले, त्यांनी काम सोडले, आणि थोड्याच दिवसांत पोटाबरोबर तेही क्षीण झाले. गोष्टीतील पोट निदान भूक लागली म्हणजे ओरडते तरी. परंतु देहात असेही एक इंद्रिय आहे, की जे काम सोडून बसले तरी बहुधा आवाज करीत नाही. ना कळ, ना ठणका. लघवी कमी होते किंवा थांबते, एवढीच काय ती त्याची सूचना. आणि तापाने फणफणलेल्या माणसाच्या घरी तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. हे इंद्रिय म्हणजे मूत्रपिंड. काही तासांत किंवा काही दिवसांत त्याचे कार्य एकाएकी ढासळते, तेव्हा त्या विकाराला वैद्यकशास्त्र मूत्रपिंडाचा तीव्र आघात असे म्हणते. हा आघात मूत्रपिंडापुरता राहत नाही. हृदय, फुफ्फुसे, मेंदू, आतडी, रक्त अशा एकेका इंद्रियाला तो आपल्याबरोबर खाली ओढतो. तो कसा, हे समजून घेण्यासाठी दिल्ली परिसरात घडलेली एक दुःखद हकीकत पाहावी.

१९९८ सालच्या एप्रिल महिन्यापासून दिल्लीतील दोन रुग्णालयांत अगदी लहान मुले एकाच प्रकारच्या तक्रारीने दाखल होऊ लागली. कोणी दोन महिन्यांचे, कोणी सहा वर्षांचे. त्यांचे मूळ दुखणे किरकोळच होते. त्यासाठी औषधपाणी झाले, आणि मग मुलांची लघवी बंद पडली. १ एप्रिल ते ९ जून या सव्वादोन महिन्यांत अशी ३६ मुले आली. त्यांपैकी बहुतेक हरयाणातील गुडगाव जिल्ह्यातील, किंवा किरकोळ आजारावर उपचार करून घेण्यासाठी गुडगावला जाऊन आलेली होती. दिल्लीचे तेच उपनगर आज गुरुग्राम या नावाने ओळखले जाते. डॉक्टरांनी मुलांच्या पोटात नळी घालून, उदरपोकळीत द्रव खेळवून, त्या वाटे रक्तातील मळ काढण्याचे उपचार केले. इतरही शर्थ केली. तरी त्यांतील ३३ मुले दगावली, असे पुढे नोंदले गेले.

दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेतील तज्ज्ञांनी या प्रकरणाचा माग काढला. साथीच्या रोगाचा संशय मागे पडला आणि बोट औषधाच्या बाटलीकडे वळले. गुडगाव येथेच तयार झालेल्या खोकल्याच्या एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य सापडले. त्याचे प्रमाण शेकडा साडेसतरा इतके होते. हे द्रव्य गोडसर, रंगहीन, पाकासारखे दाट असते. यंत्रांत, वंगणांत, शाईत त्याचा उपयोग होतो. औषधांत वापरावयाचे शुद्ध ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्याशी त्याचे इतके साम्य आहे, की नुसत्या डोळ्यांना किंवा जिभेला फरक कळत नाही; किंमत मात्र कमी. म्हणून कधी लोभाने, कधी हयगयीने ते औषधाच्या पिंपात शिरते. खोकल्याने बेजार झालेल्या मुलाला आई चमच्याने जे पाजते, त्यात मग विष असते.

हे विष पोटात गेल्यावर यकृतात त्याचे रूपांतर होते आणि त्यातून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते. खरा घातक पदार्थ हा. मूत्रपिंडातील नलिकांच्या पेशी ते आम्ल आपल्यात ओढून घेतात आणि त्यानेच मरतात. येथे मूत्रपिंडाची रचना थोडी ध्यानात घेतली पाहिजे.

माणसाची मूत्रपिंडे दोन; प्रत्येक मुठीएवढे, वजनाने सुमारे दीडशे ग्रॅम. दोन्ही मिळून देहाच्या वजनाचा अर्धा टक्काही भरत नाहीत. पण हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. गाळणीच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ, आणि त्याला जोडलेली एक लांब वळणावळणाची नलिका. गुच्छातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. ते सगळे बाहेर पडले असते, तर माणूस तासाभरातच शुष्क होऊन गेला असता. परंतु नलिकेच्या पेशी त्यातील पाणी, मीठ, साखर असे जे जे उपयोगी ते परत घेतात, आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र तेवढे बाहेर टाकतात. एखाद्या कसबी सावकारासारखा हा हिशेब अहोरात्र चालू असतो. या कामाला फार प्राणवायू लागतो, आणि नलिकांच्या खोलवरच्या भागात तो मुळातच बेताचा पोहोचतो. त्यामुळे रक्तदाब घसरला, प्राणवायू कमी पडला किंवा रक्तातून विष आले, की पहिला बळी या पेशींचा जातो. मेलेल्या पेशी नलिकेत अडकतात, वाट बुजते, गाळलेले पाणी मागे झिरपते आणि मूत्र थांबते.

मूत्र थांबले म्हणजे मोरी तुंबली, घाण साचली आणि त्या घाणीने रोगी गेला, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. मूत्रपिंड ही मोरी खरीच. पण त्याच वेळी ते देहाच्या क्षारांचा तराजू, आम्लतेचा पहारेकरी आणि पाण्याचा कोठारप्रमुखही आहे. म्हणून त्याच्या बंद पडण्याचा परिणाम प्रत्येक इंद्रियावर निराळा होतो.

प्रथम हृदय. देहातील पोटॅशियमचा फार मोठा साठा पेशींच्या आत असतो. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे साडेतीन ते पाच एकक एवढ्या अरुंद मर्यादेत राहावे लागते. ही मर्यादा राखण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंड करते. ते थांबले, की पोटॅशियम साचत जाते. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने उठतो, आणि ती लहर पोटॅशियमच्या समतोलावर अवलंबून असते. समतोल बिघडला म्हणजे ठोके मंद व अनियमित होतात, आणि प्रमाण साडेसहाच्या पुढे गेले तर हृदय कोणत्याही क्षणी थांबण्याची धास्ती असते. वेदना नाही, पूर्वसूचना नाही. आपल्याकडे आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून शहाळ्याचे पाणी मायेने पाजतात. एरवी ते उत्तम. पण त्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि लघवी बंद पडलेल्या रोग्याला ते अपायकारक ठरू शकते. केळ्यांचे आणि फळांच्या रसांचेही तसेच. डॉक्टर अशा वेळी शिरेतून कॅल्शियम देऊन हृदयाला आवरतात, साखर व इन्सुलिन देऊन पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. पण हे थोड्या तासांचे उपाय. देहाबाहेर काढल्याशिवाय ते खरोखरी कमी होत नाही.

दुसरी फुफ्फुसे. पाणी बाहेर जात नाही, रोगी पीत राहतो, शिरेतूनही सलाइन चढत राहते. रक्तवाहिन्यांत पाणी दाटते, रक्तदाब चढतो, हृदयावर भार येतो आणि शेवटी फुफ्फुसांच्या वायुकोशांत पाणी झिरपते. रोग्याला आडवे पडवत नाही. तो उठून बसतो आणि धापा टाकतो. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. अन्नाच्या पचनातून रोज तयार होणारे आम्ल मूत्रपिंड बाहेर टाकते. ते साचू लागले म्हणजे रक्त आम्लधर्मी होते, आणि ती आम्लता श्वासावाटे घालविण्यासाठी रोगी खोल आणि जलद श्वास घेऊ लागतो. दिल्लीच्या डॉक्टरांपुढे आलेल्या मुलांच्या रक्तात अशीच आम्लता होती. अशा श्वासाकडे पाहून घरच्या माणसांना छातीचा विकार वाटतो. त्याचे मूळ असते कमरेच्या मागच्या बाजूला.

तिसरा मेंदू. रक्तातील मळ, आम्लता आणि पाण्याचे आधिक्य या तिन्हींचा मारा त्याच्यावर होतो. प्रथम रोगी चिडचिडा होतो, मग गुंगतो, असंबद्ध बोलतो. हात पुढे धरावयास सांगितले तर मनगटे झटके देतात. रक्तातील मीठ पाण्याने पातळ झाले असेल, तर मेंदूच्या पेशी फुगतात आणि आकडी येते. डायएथिलीन ग्लायकॉलच्या विषबाधेत याहून वेगळी अशी एक हानी होते. ते विष मज्जातंतूंवरही घाला घालते, आणि काही दिवसांनी चेहऱ्याचे स्नायू लुळे पडतात. म्हणजे मूत्रपिंडामुळे मेंदूला आणि विषामुळे थेट मज्जातंतूंना, असा दुहेरी आघात त्या कोवळ्या जिवांना सोसावा लागतो.

आतड्यांचे आणि रक्ताचे हालही थोडके नाहीत. अन्नावरची वासना जाते, ओकाऱ्या होतात, जठरातून रक्तस्राव होतो. रक्त गोठविणाऱ्या चकत्या संख्येने पुरेशा असूनही आपले काम नीट करीत नाहीत, म्हणून सुई टोचल्या जागीही रक्त वाहत राहते. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. मग न्युमोनिया किंवा रक्तातील जंतुसंसर्ग होतो, आणि अशा रोग्यांच्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा असतो. शिवाय अनेक औषधे मूत्रावाटे बाहेर पडतात. ती साचत गेली म्हणजे उपचार म्हणून दिलेला डोसच विष बनतो. इन्सुलिनसुद्धा काही अंशी मूत्रपिंडातच नष्ट होते. म्हणून मधुमेही रोग्याची साखर नेहमीच्याच मात्रेने धोक्याइतकी खाली जाऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. यांत्रिक रक्तशुद्धीने मळ, पोटॅशियम, आम्ल आणि पाणी ही चारही काढता येतात. हॉलंडमधील डॉक्टर विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, पहिले कृत्रिम मूत्रपिंड माणसासाठी वापरले. त्याच युद्धात, १९४१ साली, लंडनवरील बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेली माणसे सुखरूप बाहेर काढल्यावर काही दिवसांनी लघवी बंद होऊन मरतात, हे डॉक्टर बायवॉटर्स आणि त्यांचे सहकारी बील यांनी नोंदले होते. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर घाला घालीत असत. कोल्फ यांचे यंत्र आल्यावर अशी आशा वाटू लागली, की नलिकांच्या पेशी पुन्हा उगवेपर्यंत यंत्राने दिवस काढले म्हणजे रोगी हटकून बरा होईल. पेशी पुन्हा उगवतात, हे खरे आहे. हा या इंद्रियाचा मोठाच गुण होय. आणि यंत्रामुळे असंख्य प्राण वाचले, हेही खरे. तथापि अतिदक्षता विभागात ज्यांच्यावर रक्तशुद्धीची पाळी येते, अशा गंभीर रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे आजही दगावतात. मळ धुऊन काढला, तरी ते का दगावतात?

या प्रश्नाचे उत्तर गेल्या काही दशकांतील संशोधनाने बरेचसे दिले आहे. जखमी झालेले मूत्रपिंड नुसते स्वस्थ बसत नाही. ते दाह पेटवते. मरणाऱ्या पेशींतून दाहकारक द्रव्ये रक्तात सुटतात. निरोगी मूत्रपिंड अशी द्रव्ये गाळून नष्टही करीत असते. आता ती अधिक तयार होतात आणि कमी नष्ट होतात. रक्तप्रवाहाबरोबर ती दूरदूरच्या इंद्रियांत पोहोचतात. प्रयोगशाळेत उंदरांच्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखून पाहिले, तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांतील केशवाहिन्या गळू लागल्या, आणि वायुकोशांतील पाणी उपसून काढणारी सूक्ष्म यंत्रणाही मंदावलेली आढळली. म्हणजे फुफ्फुसांत पाणी साचण्याला केवळ पाण्याचे आधिक्य कारणीभूत नव्हते. भिंतही झिरपू लागली होती. तशाच प्रयोगांत हृदयाच्या पेशी मरत असल्याचे आणि त्याचा डावा कप्पा सैलावल्याचे दिसले. मेंदूभोवती रक्तातील अपायकारक द्रव्यांना अडविणारी जी तटबंदी असते, तिलाही भगदाडे पडलेली आढळली. नेहमीच्या रक्तशुद्धीने लहान रेणू सहज निघतात. दाह पेटविणारी मोठी द्रव्ये आणि प्रथिनांना चिकटून राहणारी विषे तितक्या सहजपणे निघत नाहीत. यंत्र गाळणीचे काम करते. मूत्रपिंडाची जागा ते पूर्णपणे घेत नाही.

ही ओढ एकाच दिशेची नाही. हृदय दुबळे झाले म्हणजे मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचते. यकृत बिघडले म्हणजे मूत्रपिंडाच्या वाहिन्या आकसतात. जंतुदोषाने रक्तदाब कोसळला, की नलिका मरतात. मग आजारी मूत्रपिंड हृदयाला आणि फुफ्फुसांना आणखी खचविते, आणि ती पुन्हा मूत्रपिंडाला. रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे एकाच्या मागे दुसरे असे हे इंद्रियांचे बुडणे चालते. दोन इंद्रिये निकामी झालेल्या रोग्यापेक्षा तीन इंद्रिये निकामी झालेला रोगी वाचविणे कितीतरी कठीण, ते याच कारणाने. या फेऱ्यातून जो सुखरूप बाहेर पडतो, त्याचीही चिंता संपत नाही. त्याला पुढे मूत्रपिंडाचा जुनाट विकार, रक्तदाब आणि हृदयविकार होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो. म्हणून बरे वाटल्यावरही त्याने वेळोवेळी तपासणी करून घेणे अगत्याचे असते.

या सर्वांवर उत्तम उपाय म्हणजे फेरा सुरूच होऊ न देणे. आपल्या देशात या आघाताची कारणे बहुधा साधी असतात आणि बरीचशी टाळता येतात. हगवण आणि वांत्यांनी देहातील पाणी जाणे, हे त्यांतील फार मोठे. त्यावर मीठ, साखर आणि स्वच्छ पाणी यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण वेळेवर देणे हा स्वस्त आणि खात्रीचा इलाज आहे. मलेरिया, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्याने जडणारा लेप्टोस्पायरोसिस, घोणसासारख्या सर्पांचा दंश, उत्तरेकडील उन्हाळ्यातील उष्माघात, ही आणखी काही. अंगदुखीवर मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि अज्ञात घटकांची चूर्णे यांनीही मूत्रपिंडे जायबंदी होतात. त्यातही देहात पाणी कमी असताना घेतलेल्या गोळ्या विशेष घातक.

राहिले औषधातील विष. त्याचा इतिहास लाजिरवाणा आहे, कारण तो पुनःपुन्हा घडला आहे. १९३७ साली अमेरिकेत याच द्रव्यात विरघळविलेल्या सल्फाच्या औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली. पुढच्याच वर्षी तेथे औषधांचा कडक कायदा झाला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रोगी दगावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधव्यवहारातील दोषांवर प्रखर प्रकाश टाकला. त्यानंतर बाराच वर्षांनी गुडगावची मुले गेली. २०२२ साली गांबिया देशात साठाहून अधिक मुले मूत्रपिंडाच्या विकाराने मरण पावल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने हरयाणात तयार झालेल्या चार औषधांविषयी इशारा दिला. १ जून २०२३ पासून परदेशी पाठवावयाच्या खोकल्याच्या औषधांची सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. आणि तरीही २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात तोच प्रकार घडला; त्यांतील कित्येक मुलांना उपचारासाठी नागपुरास आणावे लागले, आणि वीसहून अधिक मुले गेली. ग्लिसरीनच्या प्रत्येक पिंपातील नमुना कारखान्यातच तपासून पाहणे हे काही दुर्घट काम नव्हे. ती तपासणी ज्या दिवशी टळते, त्या दिवशी हृदये, फुफ्फुसे आणि मेंदू वाचविण्याचे ओझे रुग्णालयांवर पडते, आणि तेथे ते बहुधा पेलत नाही.

गृहस्थाच्या हाती जे आहे, ते थोडे पण मोलाचे आहे. अगदी लहान मुलांच्या साध्या सर्दी-खोकल्याला औषध बहुधा लागतच नाही. लागलेच, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पावतीसह घ्यावे, आणि बाटली रिकामी झाल्यावरही रोगी बरा होईपर्यंत टाकून देऊ नये. आजारी माणसाचा ताप जसा मोजला जातो, तशी त्याच्या लघवीचीही दखल घ्यावी. मूल सहा-आठ तास ओले झाले नाही, डोळ्यांभोवती सूज आली, ओकाऱ्या थांबेनात, श्वास खोल व जलद झाला किंवा मूल गुंगू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि कोणते औषध दिले ते बाटलीसकट डॉक्टरांना दाखवावे. रक्ताच्या एका साध्या तपासणीने क्रिएटिनिन आणि पोटॅशियम ही दोन्ही कळतात. हृदय आणि फुफ्फुसे अजून शाबूत असताना रोगी डॉक्टरांच्या हाती आला, तर नलिकांच्या पेशींना पुन्हा उगवण्यास लागणारा अवधी त्याला मिळवून देता येतो. आणि पुष्कळदा प्राण वाचण्यास तेवढा अवधी पुरतो.